विश्लेषण : रात्रभराचे गाणे तीन मिनिटांच्या तबकडीत कसे मावले? बालगंधर्वांच्या गाण्याची आणि आयुष्याची कहाणी

खराडीहून नाटकाला निघालेला माणूस रामवाडीला मेट्रो पकडतो, छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरतो आणि चालत बालगंधर्व रंगमंदिरात पोहोचतो. तिकिटावर, फलकावर, रिक्षावाल्याच्या तोंडी सगळीकडे हे नाव असते. पण ज्यांचे हे नाव त्यांचा आवाज कसा होता, हे विचारले तर आज अनेकांना उत्तर देता येत नाही. तो आवाज मात्र हरवलेला नाही. मोबाइलवर नाव टाकले की खरखरीच्या पडद्याआडून तो ऐकू येतो, तीन-साडेतीन मिनिटे वाजतो आणि संपतो. ही तीन मिनिटे कुठून आली, त्याआधी आणि त्यानंतर काय घडले, त्याचा हा मागोवा.

नारायणाचे बालगंधर्व कसे झाले?

मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. राजहंसांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे. घरात गाण्याची आवड होती आणि मुलाचा गळा लहानपणीच लक्षात येण्याजोगा होता. गाणे शिकण्यासाठी त्याला जळगावला ठेवण्यात आले. तिथे मेहबूबखाँ यांच्याकडे सुरुवातीची तालीम झाली. १८९८ च्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून त्याला बालगंधर्व म्हटले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. नाव चिकटले ते कायमचे. पुढे वय सत्तरीपार गेले तरी त्यातले ‘बाल’ सुटले नाही.

मुलाच्या कानाला दुखणे होते. गायकाच्या बाबतीत याहून वाईट काय असणार? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष घातले आणि मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार झाले. त्याच मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीशी गाठ पडली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केलेली ही कंपनी तेव्हा संगीत नाटकाची सर्वांत मोठी पेढी होती. पण तिचा लाडका गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेला होता आणि त्याची जागा भरून निघाली नव्हती. १९०५ मध्ये नारायण राजहंस शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले आणि कंपनीला हवा होता तो गळा मिळाला.

त्या काळी कुलीन घरातल्या बायका रंगभूमीवर येत नसत. स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. त्यामुळे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, यात नवल नव्हते. नवल होते ते त्या कशा केल्या यात. चालणे, पदर सावरणे, मान किंचित वळवून पाहणे, बोलता बोलता गाण्यात शिरणे, हे सगळे इतके सहज होते की प्रेक्षागृहातल्या बायका त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची, नथ घालण्याची आणि गजरा माळण्याची तऱ्हा उचलत. कॅलेंडरांवर आणि जाहिरातींत त्यांची छबी येऊ लागली. आजच्या भाषेत ते ‘ट्रेंड’ ठरवीत होते.

त्याच काळात तबकडी भारतात कशी आली?

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात होता. त्याच वर्षी वसंतात त्याने इटलीत मिलान येथे एन्रिको कारुसोचा आवाज मुद्रित केला होता. कोलकात्यात त्याच्यासमोर गौहर जान गायली. सुरुवातीच्या या तबकड्यांच्या शेवटी गायक आपले नाव पुकारतो ते हौस म्हणून नव्हे. मेणावर घेतलेले मुद्रण बोटीने जर्मनीत हॅनोवरला जाई. तिथल्या कारागिरांना हे कोणाचे गाणे हे कळावे म्हणून ती युक्ती होती. पुढे काही वर्षांत कोलकात्यातच तबकड्या निघू लागल्या.

अमेरिकेत आणि युरोपात पहिल्या तबकड्यांवर कोण गायले? ऑपेराचे गायक होतेच, पण त्याहून अधिक संख्येने होते ते व्हॉडव्हिलचे, म्हणजे एकापाठोपाठ एक करमणुकीचे तुकडे सादर करणाऱ्या रंगमंचांचे कलाकार. बिली मरेसारख्या गायकाची खणखणीत, शब्द तोडून म्हणण्याची पद्धत कर्ण्याला मानवली आणि तो घराघरांत पोहोचला. भारतात हेच काम आधी तवायफांनी आणि मग नाटक कंपन्यांच्या नटांनी केले. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा हिशेब साधा होता. ज्याचे गाणे लोक तिकीट काढून ऐकतात, त्याची तबकडीही लोक विकत घेतील. बंगालात, गुजरातेत, महाराष्ट्रात जिथे नाटक तिथे कर्णा पोहोचला. मराठीत तर नाटकाचे पद हेच तबकडीचे मुख्य भांडवल ठरले.

कर्ण्यासमोर गाणे म्हणजे नेमके काय?

१९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा पुढे आलेला असे. त्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा आणि सुई, सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. गायकाचा आवाज पडद्याला हलवी, पडदा सुईला, आणि सुई मेणात खाच कोरी. मध्ये विजेचा काहीच संबंध नाही. जे काही कोरले जाई ते केवळ गळ्याच्या जोरावर.

याचा परिणाम गाण्यावर होई. आवाज वर चढला की डोके मागे घ्यायचे, खाली आला की कर्ण्यात तोंड घालायचे. मागे-पुढे व्हायला चुकले तर सुई उडे किंवा खाच कोरीच राही. तबल्याचा बाया जवळजवळ पोहोचतच नसे. सारंगी अस्पष्ट येई. चूक झाली तर दुरुस्ती नाही. ती चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. आणि या सगळ्यावर घड्याळ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे, बारा इंचीला थोडी जास्त. चकती भरली की गाणे संपले पाहिजे.

समोर श्रोता नाही. मान डोलावणारे कोणी नाही, वन्समोअरचा आवाज नाही. नाटकाच्या माणसाला हे सर्वांत जड जाणारे होते आणि बालगंधर्वांना तर फारच. प्रेक्षक हा त्यांच्या गाण्यातला दुसरा वादक होता.

रंगभूमीवर ते किती वेळ गात?

नाटक रात्री सुरू होई आणि उत्तररात्रीपर्यंत, कधी पहाटेपर्यंत चाले. एका नाटकात पदेच पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त. त्यात वन्समोअर. रंगलेले पद अर्धा तासही चाले. एक ओळ घ्यायची, तिच्या एका शब्दाला वेगवेगळ्या स्वरांनी स्पर्श करायचा, सम अलगद गाठायची, पुन्हा तीच ओळ नव्या अर्थाने म्हणायची. रागाचा विस्तार करायचा, पण पदाचा अर्थ आणि प्रसंग हातचा सोडायचा नाही. ताना होत्या, पण त्या शक्तिप्रदर्शनासाठी नव्हत्या. गाताना पात्र रडत असेल तर तान रडणाऱ्या माणसाचीच असायची.

ही समज आपोआप आली नव्हती. भास्करबुवा बखले हे त्यांचे गुरू. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांचे गाणे पचवलेल्या या गवयाने पुण्यात अनेक शिष्य घडवले. १९१६ मध्ये आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवांच्या. त्यातली रुक्मिणी म्हणजे बालगंधर्वांच्या गायकीचे शिखर असे जाणकार मानतात. खयालाच्या बंदिशी मराठी शब्दांत इतक्या अलगद बसल्या की रागदारीचे नावही न ऐकलेल्या माणसाला भीमपलास, बागेश्री, यमन ऐकण्याची सवय लागली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला शास्त्रीय संगीताची गोडी लागली ती मैफलीतून कमी आणि नाटकातून जास्त, हे विधान थोडे धाडसी वाटेल. पण ते खोडून काढणे अवघड आहे.

त्याआधी १९११ मध्ये ‘मानापमान’ आले होते. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या, तोवरच्या कीर्तनी-साकी-दिंडीच्या वळणाहून अगदी वेगळ्या. मुंबईतल्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रेक्षक जमले होते, कंपनीचा पैसा अडकला होता. प्रयोग रद्द झाला नाही. भामिनी रंगभूमीवर आली, हसली, गायली. या प्रसंगाकडे निष्ठा म्हणून पाहायचे की नाटकधंद्याची क्रूरता म्हणून, यावर आजही दोन मते होऊ शकतात. पुढच्या आयुष्यात त्यांनी घर आणि रंगभूमी यांतून निवड करायची वेळ आली तेव्हा प्रत्येक वेळी हेच उत्तर दिले, एवढे मात्र दिसते.

स्वतःची कंपनी का काढली आणि ती कर्जात का बुडाली?

किर्लोस्कर कंपनीचे नानासाहेब जोगळेकर १९११ मध्ये गेले आणि कंपनीतली धुसफूस वाढली. जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मिळाला. काही वर्षांत आधी टेंबे, नंतर बोडस बाहेर पडले. मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली, आणि अडचण तिथून सुरू झाली, कारण ते कलावंत होते, हिशेबनीस नव्हते.

रंगभूमीवर राजवाडा दाखवायचा तर गालिचे खरे हवेत, शालू खरे हवेत, दागिने शोभेसे हवेत. प्रेक्षागृहात अत्तराचा सुगंध हवा. साथीला वादक हवेत तेही पहिल्या प्रतीचे. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा. देशातला अव्वल दर्जाचा तबलिया एका नाटक कंपनीत नोकरीला असणे ही गोष्ट आज ऐकायलाही विचित्र वाटते. हार्मोनिअमच्या जागी पायपेटीचा, म्हणजे ऑर्गनचा भरलेला स्वर आला आणि तो गंधर्व गायकीची ओळख बनला. कंपनीच्या बिऱ्हाडात शंभरावर माणसांच्या पंगती उठत. १९२० मध्ये आलेल्या ‘द्रौपदी’च्या देखाव्यांवर आणि पोशाखांवर पैसा पाण्यासारखा गेला. नाटकाने तो परत दिला नाही. कर्ज लाखाच्या पुढे गेले. हा आकडा १९२१ मधला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

ते कर्ज त्यांनी नाटके करून फेडले. त्यात वर्षे गेली. त्या वर्षांत सतत दौरे, सतत प्रयोग, सतत तीच पदे. गळा टिकला, हे आश्चर्यच.

तबकडीवर न आलेली रात्र

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या होत्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. एकाचा गळा रेशमी, दुसऱ्याचा तलवारीसारखा. दोन्ही बाजूंचे चाहते ईर्षेने जमले होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात याहून गाजलेला एकही प्रयोग सापडणार नाही.

त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही, आणि ते शक्यही नव्हते. रंगभूमीवर हिंडत गाणाऱ्या माणसाचा आवाज पकडायला कर्ण्याची ताकद नव्हती. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव भोसले वारले. वय ३१. ती जुगलबंदी पुन्हा होणे नव्हते. ज्यांनी ऐकली त्यांच्यासोबत ती गेली. मागे उरली ती वर्णने.

तबकडीचे मोल कळायला अशी एखादी न उरलेली रात्र लागते.

मग तबकडीत नेमके काय उरले?

अर्ध्या तासाच्या पदाला तीन मिनिटांत बसवायचे तर काय गाळायचे हे ठरवावे लागते. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना हा निर्णय कानाला कळतो. साथीची वाद्ये क्षणभर स्वर देतात आणि आवाज थेट मुखड्यावर येतो. प्रस्तावना नाही. मुखडा दोनदा, त्यातल्या एखाद्या शब्दावर छोटी हरकत, लगेच अंतरा, वरच्या षड्जावर क्षणभर थांबणे, एक-दोन झटपट ताना आणि परत मुखडा. शेवटी लय किंचित वाढलेली असते, जणू कोणीतरी बोट दाखवून वेळ संपत आल्याचे सांगते आहे. रंगभूमीवरचा ऐसपैसपणा इथे नाही. पण त्या बदल्यात जे मिळते ते कमी नाही. एकही स्वर वाया गेलेला नाही. आवाज नाजूक आहे, पण उसना नाही. बायकी आवाज काढण्याचा खटाटोप नाही. शब्द स्वच्छ. भावगीत हा प्रकार मराठीत रुजायच्या आधी भावगीताची तीन मिनिटांची चौकट नाट्यपदाच्या तबकडीने तयार करून ठेवली होती.

१९२५ नंतर विजेवर चालणारे मुद्रण आले. मायक्रोफोनसमोर हळू गाता येऊ लागले, तबला आणि सारंगी ऐकू येऊ लागली. बालगंधर्व दोन्ही युगांत गायले. कर्ण्याच्या काळातली आणि मायक्रोफोनच्या काळातली मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर पहिल्यात गळ्याची ताकद आणि दुसऱ्यात त्याचे बारकावे जास्त दिसतात.

‘एकच प्याला’तील पदांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यांच्या मृत्यूनंतर महिनाभरात बडोद्याला रंगभूमीवर आले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. चालींसाठी बालगंधर्व पुण्याच्या बाई सुंदराबाईंकडे गेले. सुंदराबाई लावणी, गझल, ठुमरी गाणाऱ्या, पुढे स्वतःही तबकड्यांवर नाव कमावलेल्या. प्रतिष्ठित समाज जिच्या माडीकडे उघडपणे पाहत नसे, तिच्या चाली सिंधूच्या तोंडी गेल्या आणि त्याच समाजाच्या देवघराशेजारी वाजू लागल्या. या नाटकात भरजरी शालूंच्या बालगंधर्वांनी गाठी मारलेले फाटके लुगडे नेसले. दारूड्याच्या बायकोचे हाल पाहून प्रेक्षक हमसून रडत.

हे गाणे घरोघर कसे पोहोचले?

नाटकाची कंपनी वर्षातून एकदा गावात येणार, तिकीट परवडणार की नाही कोण जाणे. तबकडी मात्र वाड्यात चावीच्या यंत्रावर कितीही वेळा लावता येई. सुई बदलायची, चावी द्यायची, भोवती दहा-वीस माणसे. इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर ती ऐकायला मिळे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकाळी नावाचा मुलगा घरातल्या तबकड्या ऐकून सात-आठ वर्षांच्या वयात मोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करू लागला. तोच पुढे कुमार गंधर्व. मोठेपणी त्यांनी बालगंधर्वांच्या गाण्यावर ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा स्वतंत्र कार्यक्रम केला, आणि त्यात नक्कल नव्हती, समजून घेणे होते.

इतरांच्या बाबतीत मात्र तबकडी हीच पोथी झाली. रंगभूमीवर रोज वेगळे होणारे पद तबकडीवर एकाच रूपात गोठले आणि शिकणाऱ्यांनी त्या रूपालाच प्रमाण मानले. तीन मिनिटांत बसवण्यासाठी केलेली काटछाट पुढच्या पिढ्यांनी रचनेचाच भाग समजून उचलली. गंधर्व गायकीचे हे नुकसानही तबकडीनेच केले, हे म्हणायला हरकत नाही.

बोलपटाने काय केले?

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका केल्या. त्याआधी हिराबाई बडोदेकरांनी संगीत नाटकात पाऊल टाकले होते. प्रेक्षकांना खऱ्या बाईचा चेहरा आणि पडद्यावरचा जवळून दिसणारा अभिनय आवडू लागला होता. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते, शरीर सुटले होते. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ने, मास्टर कृष्णरावांच्या चालींनी आणि अभंगांनी काही काळ तग धरला. पण गल्ला घसरत गेला.

अखेर त्यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीशी हातमिळवणी केली. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’ १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. आधीचे नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरने ते बदलायला लावले. आयुष्यभर नायिका झालेले बालगंधर्व यात संत एकनाथ होते. चित्रपट विषयामुळे गाजला, बालगंधर्वांमुळे नव्हे. गाण्याचे तुकडे होत होते, दिव्यांची धग होती, पुन्हा पुन्हा तोच प्रसंग करावा लागत होता आणि समोर पुन्हा तेच: श्रोता नाही. कर्ण्यासमोरची तीन मिनिटे त्यांनी निभावली होती, कॅमेऱ्यासमोरचे महिने त्यांना निभावता आले नाहीत. पुढच्या चित्रपटांचा करार गुंडाळला गेला आणि ते नाटकाकडे परतले. ज्या रंगभूमीकडे परतले ती मात्र जागेवर राहिली नव्हती.

गोहरबाई प्रकरण काय होते?

तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी या प्रसिद्ध पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी. बालगंधर्वांची पदे त्या अगदी त्यांच्या ढंगात गात आणि त्यांच्या स्वतःच्या तबकड्याही निघाल्या होत्या. आवाजाची प्रतिकृतीच जणू मूळ आवाजाला शोधत आली. १९३८ च्या सुमारास त्या कंपनीत दाखल झाल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. कंपनीतले आणि घरातले अनेकजण दुखावले. भाऊ बापूराव यांच्यासह जुने सहकारी दुरावले. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या आणि पुढे काही वर्षांनी बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला.

ज्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले होते त्यातल्या मोठ्या वर्गाने यानंतर त्यांच्याकडे पाठ फिरवली. बाई मुसलमान, नाचगाण्याच्या घरातली, आणि तिनेच त्यांना बुडवले, असे दीर्घकाळ बोलले आणि लिहिले गेले. हा आरोप तपासून घेण्यासारखा आहे. कर्ज गोहरबाईंच्या आधीचे, बोलपटाचे अपयश आधीचे, प्रेक्षकांची ओहोटीही आधीची. कोसळत्या कंपनीत त्या आल्या आणि दोघांच्या विपन्नावस्थेत अखेरपर्यंत सोबत राहिल्या. त्या १९६४ मध्ये गेल्या.

अखेरची वर्षे

संगीत नाटक अकादमीचा सन्मान १९५५ मध्ये मिळाला, पद्मभूषण १९६४ मध्ये. तोवर पायांतली शक्ती गेली होती. उचलून आणून बसवावे लागे. बसल्या जागी ते भजने गात आणि त्यांना पाहून जुने श्रोते डोळे पुसत. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात मुठेकाठी नव्या नाट्यगृहाची पायाभरणी झाली, ती त्यांच्याच हस्ते. इमारतीच्या आखणीत पु. ल. देशपांडे यांनी जातीने लक्ष घातले होते. ती पुरी होण्याआधी, १५ जुलै १९६७ रोजी, बालगंधर्वांचे पुण्यात निधन झाले. २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले. त्याच्या पुनर्विकासाचा वाद अलीकडच्या काळात अधूनमधून पेटतो, त्यामुळे बातम्यांत हे नाव येत राहते.

२०११ मध्ये सुबोध भावे यांनी पडद्यावर बालगंधर्व साकारले आणि आनंद भाटे यांनी त्यांच्यासाठी गायले. भाटे यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज मोबाइलवर शोध घेतला की बहुतेक वेळा आधी हीच गाणी येतात. मूळ तबकडी हवी असेल तर थोडे खाली जावे लागते.

आज ऐकायचे तर कसे?

मूळ मुद्रणे ऐकताना एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हटल्या जातात, पण सुरुवातीच्या काळात हा वेग नेमका पाळला जात नसे. कुठे ७५, कुठे ८० असे चाले. संगणकावर उतरवून घेताना वेग चुकला की सूर वर किंवा खाली सरकतो. त्यामुळे इंटरनेटवरच्या काही प्रतींत आवाज चिरका आणि घाईचा वाटतो. एकाच पदाच्या दोन-तीन प्रती ऐकून पाहिल्या तर फरक लगेच कळतो. खरखर पुसून टाकलेल्या प्रतींत बऱ्याचदा आवाजाची धारही पुसली जाते, म्हणून खरखरीसकट असलेली प्रत बरी. इअरफोन लावावेत. पहिला अर्धा मिनिट कान खरखरीवरच राहतो. मग अंतरा येतो, आवाज वर जातो आणि खरखर मागे पडते.

रामवाडीपासून रंगमंदिरापर्यंतच्या मेट्रोच्या प्रवासात अशा सात-आठ तबकड्या सहज ऐकून होतात. बालगंधर्वांच्या काळात तेवढ्या वेळेत नाटकातले एकच पद पुरे होत असे.